जुनी लेन्स, छोटा कॅमेरा: तुमचे प्रश्न, आमची उत्तरं

मागच्या अंकात मिररलेस (आत आरसा नसलेल्या डिजिटल) कॅमेऱ्यावर जुनी मॅन्युअल, म्हणजे हाताने फोकस करायची, लेन्स लावून काढलेले फोटो छापले आणि त्यावर भरपूर पत्रं आली. बऱ्याच जणांचे प्रश्न सारखेच आहेत म्हणून त्यातले पाच निवडलेत.

प्रश्न (सांगली): नमस्कार दादा, काकांचा झेनिट कॅमेरा घरात पडून आहे, त्याला हेलिओस 44-2, 58 एमएम लेन्स आहे. माझ्याकडे सोनी ए6000 आहे. ही लेन्स त्यावर बसेल का? कॅमेरा खराब तर नाही ना होणार? दुकानदार म्हणाला कशाला या भानगडीत पडताय, नवीन लेन्स घ्या.

उत्तर: बसते, बिनधास्त लावा. या लेन्समध्ये बॅटरी नाही, सर्किट नाही, नुसती काच आणि धातू आहे, त्यामुळे कॅमेऱ्याला काहीही होत नाही. मधे एक अॅडॉप्टर लागतो, एम42 टू सोनी ई असं म्हणून मागा. एम42 ही लेन्सची आट्यांची जोडणी म्हणजे माउंट, आणि ई हा तुमच्या कॅमेऱ्याचा माउंट. साधा अॅडॉप्टर म्हणजे पोकळ नळी असते, आत काच नसते. ही नळी का लागते ते एकदा नीट कळलं की पुढचे निम्मे प्रश्न आपोआप सुटतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो. प्रत्येक कॅमेऱ्यात लेन्स जिथे टेकते तिथपासून फिल्म किंवा सेन्सरपर्यंतचं अंतर ठरलेलं असतं. झेनिट एसएलआर आहे, म्हणजे लेन्समधलं दृश्य आरशातून दाखवणारा, त्यात तो आरसा वर-खाली व्हायला जागा लागते म्हणून एम42 माउंटचं हे अंतर 45.46 मिमी आहे. सोनीच्या ई माउंटमध्ये आरसाच नाही, तिथे फक्त 18 मिमी. उरलेले साधारण साडेसत्तावीस मिमी भरून काढायचे, ते काम ही नळी करते. फुजी एक्सचं अंतर 17.7, मायक्रो फोर थर्ड्सचं 19.25, म्हणून जवळपास कुठलीही जुनी लेन्स मिररलेसवर बसते.

लेन्स लावल्यावर कॅमेरा म्हणेल की लेन्सच नाहीये आणि शटर मारणार नाही. मेनूत 'रिलीज विदाऊट लेन्स' शोधून एनेबल करा, पहिल्या दिवशी सगळे इथेच अडकतात. मोड ए वर ठेवा, अॅपर्चर, म्हणजे प्रकाश आत येण्याचं भोक, तुम्ही लेन्सवर फिरवायचं, शटर स्पीड कॅमेरा ठरवतो. तुमचा ए6000 हात हलला तर सांभाळून घेत नाही, त्यात स्टॅबिलायझेशन नाही, आणि एपीएस-सी, म्हणजे फिल्मच्या फ्रेमपेक्षा लहान, सेन्सरवर 58 ची लेन्स साधारण 87 मिमीसारखी दिसते, तेव्हा शटर 1/125 च्या खाली जायला लागलं की आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) वाढवा, थोडा ग्रेन म्हणजे दाणेदारपणा परवडला पण हललेला फोटो नको.

आता 44-2 ची गंमत. तिला अॅपर्चरच्या दोन रिंग आहेत आणि नवीन माणूस त्यात हमखास गोंधळतो. आकडे लिहिलेली रिंग टकटक करत फिरते, ती फक्त मर्यादा ठरवते. दुसरी रिंग आवाज न करता फिरते आणि पाती खरोखर उघडझाप करते. एसएलआरवर एफ/2 ला (एफचा आकडा लहान तितकं भोक मोठं) उघडं ठेवून फोकस करायचा आणि फोटो काढायच्या आधी न बघता रिंग अडेपर्यंत फिरवायची, त्यासाठी ही सोय होती. मिररलेसवर पहिली रिंग 16 वर ठेवून विसरून जा आणि दुसरीच वापरा. व्हिडिओ करणाऱ्यांना तर ही बिनआवाजाची रिंग फार आवडते.

ही लेन्स झाइस या जर्मन कंपनीच्या बायोटार लेन्सच्या धर्तीवर सोव्हिएत कारखान्यात बनली, आणि फोटोत मागची झाडाची पानं गोल फिरल्यासारखी दिसतात ना, त्यासाठीच लोक तिच्या मागे लागतात. पण ते फिरणं कडेला जास्त असतं आणि तुमचा सेन्सर नेमकी कड कापून टाकतो, त्यामुळे नेटवर फुल फ्रेमचे, म्हणजे फिल्मएवढ्या सेन्सरचे, फोटो बघून तेवढीच अपेक्षा ठेवू नका. माणूस एक-दीड मीटरवर, मागे तीन-चार मीटरवर झाडाची पानं आणि त्यातून झिरपणारं ऊन, अॅपर्चर एफ/2, असं करून बघा, थोडं तरी दिसतंच. काकांची लेन्स फुकट मिळतीये तर नवीन घ्यायच्या आधी महिनाभर हीच लावून फिरा.

प्रश्न (ठाणे): माझ्याकडे फुजी एक्स-ई3 आहे, छोटा म्हणूनच घेतला. एम42 ची एक लेन्स घेतली पण नळीसकट एवढं लांबडं होतं की बॅगेतून काढायचाच कंटाळा येतो. रेंजफाइंडरच्या लेन्स लहान असतात असं ऐकलं, ते खरंय का आणि सुरुवात कुठून करू? एम39 लिहिलेल्या बऱ्याच दिसतात.

उत्तर: खरंय, आणि छोट्या बॉडीवाल्या प्रत्येकाला माझं हेच सांगणं आहे की एसएलआरच्या लेन्सच्या मागे लागण्याआधी रेंजफाइंडरच्या बघा. रेंजफाइंडर कॅमेऱ्यात लेन्समधून न बघता बाजूच्या खिडकीतून बघून फोकस करतात, त्यातही आरसा नसतो, त्यामुळे त्यांचं अंतर आधीच कमी आहे, लाइका एमचं 27.8 मिमी आणि त्याआधीच्या स्क्रू माउंटचं (एलटीएम, एम39 लिहितात तो) 28.8. तुमच्या फुजीचं 17.7, म्हणजे एम लेन्सला अॅडॉप्टर लागतो जेमतेम दहा मिमीचा. एम42 ला तोच अठ्ठावीसच्या घरात जातो. त्यात रेंजफाइंडरच्या लेन्स मुळातच बारीक, कारण त्या व्ह्यूफाइंडरच्या आड येऊन चालत नाही. एक्स-ई3 वर अशी 50 किंवा 35 ची लेन्स लावली की सगळा तोल हातात बसतो, कॅमेरा पुढे झुकत नाही.

स्वस्तात सुरुवात करायची तर जुपिटर-8 घ्या, 50 मिमी एफ/2, झाइसच्या सोनार लेन्सच्या धर्तीची, अॅल्युमिनियमची, अगदी हलकी. तुमच्या कॅमेऱ्यावर ती साधारण 75 सारखी दिसेल, चेहऱ्यांना फार छान. उघडी असताना कॉन्ट्रास्ट कमी आणि समोरून ऊन आलं तर पांढुरकी होते म्हणून 40.5 मिमीचं हुड लावाच, पण एफ/4 वर आणली की मधला भाग चांगलाच धारदार. इंडस्टार-61 एल/डी, 55 मिमी एफ/2.8, ही पण चांगली आहे. या रशियन लेन्स लाइकाच्या बॉडीवर जवळचा फोकस चुकवतात असं वाचाल, ते बरोबर आहे, कारण रेंजफाइंडरच्या जोडणीचं गणित दोन्हीकडे थोडं वेगळं आहे, पण तुम्ही थेट सेन्सरवरचं चित्र बघून फोकस करणार, तुम्हाला त्याचा त्रास नाही.

एम39 बद्दल मात्र नीट ऐका, पैसे इथेच वाया जातात. आटे जवळपास तेच असलेल्या दोन वेगळ्या जाती आहेत. एक रेंजफाइंडरची, 28.8 मिमीवाली. दुसरी सुरुवातीच्या झेनिट एसएलआरची, तिचं अंतर 45.2. झेनिटची लेन्स रेंजफाइंडरच्या अॅडॉप्टरवर बसते छान, पण सेन्सरच्या फार जवळ जाते आणि काहीच फोकस होत नाही. उलटं केलंत, म्हणजे रेंजफाइंडरची लेन्स झेनिटसाठीच्या लांब नळीवर लावलीत, तर फक्त अगदी जवळचं दिसेल, लांबचं काहीच नाही. इंडस्टार-50 तर दोन्ही जातींत निघाली होती, झेनिटवाली चपटी बिस्किटासारखी आणि रेंजफाइंडरवाली लांब. विकणाऱ्याला मागच्या बाजूचा फोटो मागा. फोकस रिंग फिरवताना मागे एक गोल धातूची कड पुढे-मागे सरकताना दिसली तर ती रेंजफाइंडरची.

दोन गोष्टी आधीच माहीत असू द्या. जुपिटर-8 एक मीटरच्या आत फोकस करत नाही, टेबलावरचा चहाचा कप किंवा जेवणाचं ताट हवं असेल तर फिरवून लांब होणारा हेलिकॉइडवाला अॅडॉप्टर घ्या, थोडा महाग पडतो पण मला तो लागतोच वाटतं. दुसरं, जुपिटर-12 ही 35 ची लेन्स दिसायला मोहक आहे पण तिची मागची काच खूप आत घुसते, प्रत्येक बॉडीत आणि प्रत्येक अॅडॉप्टरमध्ये ती सुखरूप जाईलच असं नाही, तुमच्याच मॉडेलवर कुणी लावल्याचं बघितल्याशिवाय घेऊ नका. आणि एलटीएम टू एम ही पातळ रिंग अधिक एम टू एक्स अॅडॉप्टर असं दोन भागात घेतलंत तर पुढे एम माउंटची लेन्स आली तरी तोच अॅडॉप्टर चालेल.

प्रश्न (चिपळूण): आजोबांच्या दोन लेन्स चामड्याच्या केसमध्ये जपून ठेवल्यात. आत जाळं आल्यासारखं दिसतंय. साफ होईल का? आणि जुनी लेन्स घेताना बुरशी कशी ओळखायची?

उत्तर: आधी त्या चामड्याच्या केसमधून लेन्स आजच बाहेर काढा. चामडं ओल धरतं आणि कोकणातल्या पावसाळ्यात ते केस म्हणजे बुरशीला आयतं घर. केस आठवण म्हणून वेगळी ठेवा.

तपासायचं असं. अॅपर्चर पूर्ण उघडा, दोन्ही झाकणं काढा, खोलीत अंधार करा आणि मोबाइलचा टॉर्च मागून थोडा तिरका धरून पुढून बघा, मग लेन्स उलटी करून पुन्हा बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे किंवा फांद्या फुटल्यासारखे धागे दिसले तर बुरशी. सगळीकडे सारखा दुधट पडदा दिसला तर हेझ, तो बऱ्याचदा वंगणाच्या वाफेचा थर असतो आणि वेळेत उघडली तर निघतोही. पण काही लेन्समध्ये तो काचेवर कायमचा डाग सोडतो, कॅननच्या स्क्रू माउंटच्या 50 मिमी एफ/1.8 मध्ये हे इतक्या वेळा दिसतं की टॉर्च मारल्याशिवाय ती घेऊच नये. धुळीचे चार कण असले तर सोडून द्या, फोटोत येत नाहीत. पुढच्या काचेवरच्या बारीक चऱ्यांपेक्षा मागच्या काचेवरचा चरा जास्त त्रास देतो. पात्यांवर तेल आलं असेल तर हाताने बंद होणाऱ्या लेन्समध्ये लगेच अडत नाही, एसएलआरच्या ऑटो लेन्समध्ये मात्र पाती चिकटून बसतात.

बुरशी कडेला आणि थोडी असेल तर लेन्स उघडून साफ होते. खूप दिवस राहिली असेल तर तिने काचेवरचं कोटिंग खाल्लेलं असतं, बुरशी निघाली तरी खूण राहते. घरी उघडू नका, एकेक काच कितपत आत होती ते चुकलं तर लेन्स गेली. मुंबईत फोर्टमध्ये बोरा बाजारच्या बाजूला कॅमेरा दुरुस्तीची दुकानं आहेत, तिथे आधी दाखवा, आणि किती खर्च येईल ते विचारूनच ठरवा. आजोबांची लेन्स आहे म्हणून मी तरी एकदा प्रयत्न करायला सांगेन, बाजारभावाचा हिशोब इथे लावू नका.

साफ झाल्यावर हवाबंद प्लास्टिकच्या डब्यात सिलिका जेल आणि स्वस्तातला आर्द्रता मोजायचा मीटर टाकून ठेवा, 40 ते 50 टक्के ठीक. त्याहून फार कोरडं करायला जाऊ नका, वंगणाला ते मानवत नाही. जेलचा रंग बदलला की गरम करून पुन्हा वापरा. आणि सगळ्यात चांगलं म्हणजे लेन्स वापरत राहा, उजेड-वारा लागत राहतो.

प्रश्न (नागपूर): ऑलिंपस ई-एम10 वर 50 ची जुनी लेन्स लावलीये. फोकस पीकिंगमध्ये सगळं लाल-पांढरं चमकतं, म्हणजे शार्प असायला हवं ना, पण घरी येऊन बघतो तर डोळे सॉफ्ट.

उत्तर: पीकिंग फोकस मोजत नाही, जिथे कॉन्ट्रास्टची कड दिसते तिथे रंग भरतं, त्यामुळे पापण्या, भुवया, साडीचा काठ सगळंच चमकतं. एफ/2 ला जवळच्या माणसावर ते फक्त आसपास पोचायला वापरा, मग मॅग्निफाय करून डोळ्यावर नेमका फोकस करा आणि लगेच क्लिक, कारण माणूस श्वास घेतो, पुढे-मागे होतो. मॅग्निफायला एक बटण नेमून ठेवा, मेनूत जाऊन होत नाही. दुसरं कारण स्टॅबिलायझेशन असू शकतं. तुमच्या बॉडीत ते आहे पण जुनी लेन्स किती मिमीची हे कॅमेऱ्याला कळत नाही, तो आकडा आपण भरायचा आणि तिथे 50 च भरायचं, लहान सेन्सरसाठीचा दुपटीचा हिशोब करून 100 नाही. सोनार जातीच्या लेन्समध्ये अॅपर्चर बदललं की फोकस सरकतो, म्हणून ज्या अॅपर्चरला फोटो काढणार त्याच अॅपर्चरला फोकस करा.

मिरवणुकीत, बाजारात मॅग्निफाय करायला वेळच नसतो, तिथे आधीच अंतर ठरवून ठेवायची जुनी पद्धत घ्या. एपीएस-सी कॅमेऱ्यावर 35 ची लेन्स एफ/8 आणि फोकस 3 मीटर ठेवला तर साधारण 2.2 ते 4.9 मीटरमधलं सगळं चालण्यासारखं शार्प येतं. कुठपासून कुठपर्यंत शार्प येईल ते दाखवणाऱ्या लेन्सवरच्या खुणा फुल फ्रेमसाठी आहेत, तेव्हा एफ/8 ला काढताना 5.6 च्या खुणा धरा. तुमचा सेन्सर त्याहून लहान, तिथे आणखी एक पायरी सोडून 4 च्या धरा. मात्र स्वस्त अॅडॉप्टर बरेचदा थोडे पातळ बनवलेले असतात, त्यांच्यावर लेन्स अनंताच्याही (सगळ्यात लांबच्या फोकसच्याही) पुढे जाते आणि आकडे जुळत नाहीत. एकदा टेपने 3 मीटर मोजून फोकस करा आणि लेन्सवर कुठला आकडा येतो ते बघून ठेवा.

प्रश्न (न्यू जर्सी): सोनी ए7 वर जुनी 21 मिमी रेंजफाइंडर लेन्स लावली तर कोपरे पुसट आणि जांभळट येतात. लेन्स खराब निघाली का? आणि या लेन्सना ऑटोफोकस देणारा अॅडॉप्टर घ्यावा का?

उत्तर: लेन्स बहुतेक ठीक आहे. जुन्या वाइड रेंजफाइंडर लेन्सची मागची काच फिल्मच्या अगदी जवळ असायची, त्यामुळे कडेला प्रकाश फार तिरका पडतो. फिल्मला ते चालायचं. सेन्सरवर मात्र एक काचेचा थर असतो आणि तिरका प्रकाश त्यातून जाताना बिघडतो. लाइकाने आपल्या डिजिटल एम बॉडीत हा थर मुद्दाम एक मिमीपेक्षाही पातळ ठेवला, सोनीत तो बराच जाड आहे. एफ/8-11 ला कोपरे थोडे सुधारतात, रंग लाइटरूम या फोटो सॉफ्टवेअरमधल्या फ्लॅट फील्ड दुरुस्तीने किंवा सरळ ब्लॅक अँड व्हाइट करून जातो. पण ए7 वर जुन्या लेन्स वापरायच्या तर 35 आणि त्यापुढच्या घ्या, आणि वाइडच हवी असेल तर डिजिटलसाठी पुन्हा डिझाइन केलेली बघा, व्हॉइग्टलँडरची 15 मिमी सुपर वाइड हेलियार 2015 मध्ये तिसऱ्या आवृत्तीत अशीच सुधारून आली.

ऑटोफोकसचं म्हणाल तर टेकआर्टचा एलएम-ईए7 हा अॅडॉप्टर अख्खी लेन्सच मोटरने पुढे-मागे सरकवतो. पण त्याला बॉडीत अॅडॉप्टरवरच्या लेन्सलाही चालणारं फेज डिटेक्शन (सेन्सरवरूनच फोकस मोजायची सोय) लागतं, ए7 दुसरा किंवा त्यानंतरचा असेल तरच विचार करा. हलक्या लेन्सवर चालतो आणि लेन्सच्या मूळ अंतरापेक्षा जरा जवळचा फोकसही मिळतो. लहान मुलांमागे धावायचं असेल तर घ्या, नाहीतर तेवढ्या पैशात दुसरी चांगली 50 येते.