पेडल हळूहळू खाली जातंय, पण ऑइल कुठेच गळत नाही

प्रश्न : आमची हॅचबॅक बारा वर्षांची आहे. पुढे डिस्क, मागे ड्रम, एबीएस नाही. गेल्या महिन्यात ब्रेक ऑइल बदलून घेतलं. तेव्हापासून सिग्नलला ब्रेक दाबून धरला की पेडल सावकाश खाली जातं. जोरात दाबला तर ब्रेक नीट लागतो. ऑइलची पातळीही कमी होत नाही. गॅरेजवाले म्हणतात, ब्रेकच्या पाइपांतली हवा पुन्हा काढू. तेवढ्याने भागेल का? (एक वाचक, सातारा)

उत्तर : नाही. हवा राहिली असती तर पेडल लिबलिबीत लागलं असतं. तुमच्या मास्टर सिलेंडरमधले (पेडल दाबलं की ऑइल चाकांकडे ढकलणारा भाग) रबरी कप, म्हणजे पिस्टनवरची सील, गेले आहेत. दुरुस्ती होईपर्यंत गाडी चालवू नका, घाटात तर नकोच.

या सिलेंडरमध्ये एकापुढे एक दोन पिस्टन असतात आणि प्रत्येकाचं सर्किट वेगळं. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या छोट्या गाड्यांत बहुधा एक पुढचं चाक आणि त्याच्या तिरकस समोरचं मागचं चाक अशी जोडी असते. एक सर्किट फुटलं तर त्याचा पिस्टन टेकेपर्यंत पेडल खोल जातं, पण दुसरी जोडी लागते. पेडल दाबलं की कप टाकीकडचं बारीक छिद्र ओलांडतो आणि पुढे दाब तयार होतो. कपाची कड झिजली की हळू दाबताना ऑइल कडेवरून मागे टाकीत परततं, म्हणून पातळी तशीच राहते. जोरात दाबल्यावर कड भिंतीला घट्ट बसते.

ऑइल बदलल्यावरच हे का झालं? रोजच्या वापरात कप सिलेंडरच्या सुरुवातीच्या भागातच फिरतो. पुढच्या भागात ओलाव्यामुळे खड्डे आणि गाळ धरतो. हवा काढताना पेडल तळापर्यंत दाबलं की कड त्यावरून घासते. जुन्या गाडीत पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवूनच हवा काढावी.

नुसतं किट, म्हणजे फक्त नवे रबरी कप, टाकू नका. भिंतीवर नख अडकत असेल तर नवे कपही तसेच फाटतील. पूर्ण सिलेंडर बदला.

टाकीतलं ऑइल सिरिंजने ओढून घ्या. पाइपचे नट फ्लेअर नट पान्यानेच सोडवा, साध्या पान्याने कोपरे गोल होतात. मग बूस्टरवरचे (पायाचा जोर वाढवणारा गोल डबा) दोन नट काढा. सिलेंडरची मागची बाजू ओली असेल तर ऑइल बूस्टरमध्ये शिरलंय, तोही तपासून घ्या.

नवा सिलेंडर बसवण्याआधी बाकावर शिकंज्यात धरा, दोन्ही तोंडांतून नळ्या टाकीत सोडा आणि बुडबुडे थांबेपर्यंत पिस्टन सावकाश दाबा. ही पायरी गाळली की अडकलेली हवा चाकांच्या निपलमधून (हवा सोडायचा छोटा स्क्रू) काढताना तासन् तास जातात. बूस्टरच्या दांड्याची लांबीही मोजा. दांडा जास्त लांब राहिला तर पिस्टन पूर्ण मागे येत नाही, छिद्र झाकलेलंच राहतं, ब्रेक धरून बसतात आणि चाकं तापतात.

सीलबंद डब्यातलं डॉट ३ किंवा डॉट ४, जे टाकीच्या झाकणावर लिहिलंय तेच वापरा. एक लिटर पुरतं. इंजिन ऑइलचा थेंबही नको, रबर फुगतं. हवा काढायला साधारणपणे सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात करतात, तरी तुमच्या मॉडेलचा क्रम मॅन्युअलमध्ये पाहा. रंगावर सांडलेलं ऑइल लगेच पाण्याने धुवा.

शेवटी इंजिन चालू ठेवून पेडल मिनिटभर हलकं दाबून धरा. इंजिन सुरू होताना ते एकदाच थोडं खाली जातं, तो बूस्टरचा जोर आहे. त्यानंतर मात्र हलता कामा नये.