आईंना 'सुईण' कशी समजावून सांगावी?

नेदरलँड्समधील उट्रेख्त शहरातून एका भगिनीचे पत्र आले आहे. बाळंतपण डॉक्टर नव्हे तर सुईण करणार, हे कळल्यापासून नागपूरच्या महाल भागात राहणाऱ्या त्यांच्या आई रोज फोनवर "सातव्या महिन्यात माहेरी ये" असा हट्ट धरून बसल्या आहेत.

आईंची भीती खुळी नाही. 'सुईण' म्हटले की त्यांच्या डोळ्यांसमोर वस्तीतली अनुभवी, पण शिक्षण न घेतलेली बाई येते. नेदरलँड्समधील सुईण मात्र चार वर्षांचा पदवी अभ्यासक्रम पूर्ण केलेली असते, धोका कमी असलेल्या गरोदरपणाची जबाबदारी तिच्याकडे असते आणि गुंतागुंत दिसताच ती रुग्णालयातील स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पाठवते. आपल्याकडे 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात खासगी रुग्णालयांतील 47.4 टक्के, तर सरकारी रुग्णालयांतील 14.3 टक्के बाळंतपणे सिझेरियनने झालेली दिसतात. सिझेरियन जीव वाचवते हे खरेच, पण एवढी तफावत केवळ बायकांच्या प्रकृतीतून येत नसावी.

निर्णय कोणी घ्यायचा, हा खरा प्रश्न आहे. माझ्या वेळी नागपुरातल्या एका रुग्णालयात संमतीपत्रावर सासऱ्यांनी सही केली होती आणि मला कागद दाखवण्याचेही कोणाला सुचले नव्हते. तुमचा निर्णय तुमचाच राहू द्या. मात्र पुढच्या तपासणीला आईंना व्हिडिओ कॉलवर घ्या आणि अडचण आल्यास कोणत्या रुग्णालयात, किती वेळात पोहोचता येईल, हे त्यांनाच सुईणीला विचारू द्या.

बाळंतपणासाठी आईंनाच तुमच्याकडे बोलावून घ्या. बाळंतपणानंतर पहिले सुमारे आठ दिवस तिथे प्रशिक्षित मदतनीस घरी येते. तिची पाठ दुखू नये म्हणून पलंगाच्या पायांखाली ठोकळे ठेवून तो उंच करावा लागतो. आपल्याकडे बाजेखाली शेगडी सरकवतात. (धुरी मात्र नको, धुराचा अलार्म वाजेल.) बाळ झाल्याच्या आनंदात तिथे टोस्टवर साखरेत घोळवलेले बडीशेपेसारखे दाणे वाटतात, तेव्हा दूध येण्यासाठी बाळंतशेपा खाऊ घालणाऱ्या आईंना ते घर अगदीच परके वाटणार नाही. डिंकाचे लाडू, तेलमालीश आणि रात्रीचे जागरण त्यांच्याकडे निर्धास्त सोपवा.

मध तेवढा चाटवू देऊ नका. एक वर्षाखालील बाळाला त्यातून बोट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो, आणि हे तुम्ही सांगण्यापेक्षा त्या मदतनीस बाईंनी सांगितलेले आई अधिक ऐकतील.