जगातला पहिला सेल्फी कोणी काढला?

कॅमेऱ्याने काढलेला आणि आज शिल्लक असलेला सर्वांत जुना सेल्फी रॉबर्ट कॉर्नेलियस यांचा मानला जातो; तो त्यांनी १८३९ साली अमेरिकेतल्या फिलाडेल्फियात, आपल्या कुटुंबाच्या दिव्यांच्या दुकानाबाहेर काढला. मूळ प्रत वॉशिंग्टनमधल्या लायब्ररी ऑफ काँग्रेस या ग्रंथालयात आहे. मागच्या बाजूला ‘प्रकाशाने काढलेलं पहिलं चित्र, १८३९’ अशा अर्थाची इंग्रजी ओळ लिहिलेली आहे. डॅगेरोटाइप या फोटो काढण्याच्या त्या काळच्या पद्धतीत चांदीचा मुलामा दिलेला तांब्याचा पत्रा आरशासारखा लख्ख घासावा लागे, आणि धातूला मुलामा देणं हे तर कॉर्नेलियस यांच्या हातातलं काम. फोटो नक्की मोठा करून बघा: विस्कटलेले केस, उभी कॉलर, छातीशी घेतलेले हात, आणि चेहरा मधोमध नाही, थोडा बाजूला. भिंगासमोर येऊन बराच वेळ न हलता थांबावं लागे, हे कळल्यावर ती रोखलेली नजर मला जास्तच आवडते. मात्र ‘पहिला’ हा मान फक्त फोटोंपुरता. चित्रकार स्वतःची चित्रं त्याआधी कित्येक शतकं काढत होते; जर्मनीच्या आल्ब्रेख्त ड्यूररने १४८४ मध्ये, तेराव्या वर्षी, आरशात बघून स्वतःचं रेखाचित्र काढलं होतं.