काळी स्क्रीन, लुबंटू आणि नोमोडसेटची मलमपट्टी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: जी४१ चिपसेटचा मदरबोर्ड, कोअर टू ड्युओ, ४ जीबी रॅम, वर एनव्हिडियाचं जीटी २१० कार्ड. लुबंटू २४.०४ (हलकं लिनक्स) टाकल्यावर लोगोनंतर स्क्रीन काळी. कुणीतरी ग्रबमध्ये (बूटच्या मेनूत) ‘नोमोडसेट’ लिहायला सांगितलं, त्याने डेस्कटॉप आला, पण रिझोल्यूशन १०२४×७६८ च्या वर जात नाही, आणि मॉनिटर १६००×९०० चा आहे. दुकानदार म्हणतो कार्ड गेलं. नवीन घ्यावं का?

नका घेऊ. निदान आज तरी नका.

उत्तर लिहायला बसलो ते त्या ‘नोमोडसेट’मुळे. इंदूरमध्ये जुन्या मशीनवर लिनक्स टाकून देणाऱ्यांपैकी निम्मे लोक हा एक शब्द लिहून मोकळे होतात, आणि पुढचा सल्ला ठरलेला असतो: ‘लिनक्सला ग्राफिक्स कार्ड मानवत नाही.’ नोमोडसेट म्हणजे कर्नलला (लिनक्सच्या गाभ्याला) सांगणं की ग्राफिक्सचा खरा ड्रायव्हर चालवूच नकोस, बूट होताना फर्मवेअरने जो फ्रेमबफर (चित्राची मेमरी) मांडून दिला त्यावरच भागव. चित्र दिसतं, कारण बिघडणारी गोष्टच बंद झालेली असते. पण तिच्याबरोबर मॉनिटर ओळखणं, रिझोल्यूशन बदलणं, दुसरा मॉनिटर, थ्रीडी, सगळंच जातं. तो रोगनिदानाचा शब्द आहे, इलाजाचा नाही. बूट झालं की त्यातून एवढंच कळतं की दोष ड्रायव्हर आणि कार्डाच्या मधे कुठेतरी आहे.

राजेंद्र नगरातल्या एका लहान वाचनालयात हुबेहूब तुमच्यासारखं मशीन आहे. बोर्ड तोच, कार्ड तेच, पुस्तकांची यादी कॅल्कमध्ये. तिथेही नोमोडसेट होतं, आणि १६:९ च्या मॉनिटरवर ४:३ चं चित्र ताणल्यामुळे यादीतली अक्षरं एक तृतीयांशाने रुंद, पोट सुटल्यासारखी दिसत. त्या मशीनची गोष्ट सविस्तर सांगतो, कारण तुमचीही तीच असण्याची शक्यता बरीच आहे. (कमांडी इथे देवनागरीत लिहितो आहे. टर्मिनलमध्ये त्या रोमन छोट्या अक्षरांत द्यायच्या, मोठी लिपी लागते तिथे तसं सांगतो.)

आधी ‘कॅट /प्रॉक/सीएमडीलाइन’. चालू कर्नलला कोणते शब्द दिले गेले ते यात दिसतं. नोमोडसेट तिथे होताच. मग ‘एलएसपीसीआय -एनएनके’, आणि त्यात व्हीजीए कंट्रोलरच्या खालची ‘कर्नल ड्रायव्हर इन यूज’ ही ओळ. ती ओळच नसेल तर कार्डाला ड्रायव्हर लागलेला नाही. तिथे ती नव्हती. मग ‘एक्सरँडआर’, म्हणजे आउटपुट आणि रिझोल्यूशन दाखवणारी कमांड. त्याने सुरुवातीलाच कुरकुर केली की ‘डिफॉल्ट’ नावाच्या आउटपुटचा गॅमा मिळत नाही. हा संदेश दिसला की पुढचं सगळं थांबवायचं. लोक नेमके इथेच नवं रिझोल्यूशन (मोड) हाताने घालायला सीव्हीटी, न्यूमोड, अ‍ॅडमोड करत बसतात आणि दोन तास घालवतात. ड्रायव्हरच नसताना नवा मोड लावणार कशाला?

तेव्हा पहिलं काम म्हणजे नोमोडसेट काढणं आणि त्याच्या जागी काहीतरी कमी कठोर देणं. बूट होताना जुन्या बायोसवर शिफ्ट दाबून धरायची, यूईएफआय असेल तर एस्केप टिचकवायची. ग्रबचा मेनू आला की ‘ई’ दाबायचं. ‘लिनक्स’ने सुरू होणारी लांब ओळ असते, तिच्या शेवटी ‘क्वाएट स्प्लॅश’ असतं. ते दोन्ही शब्द काढा, म्हणजे काळ्या स्क्रीनऐवजी मजकूर दिसेल. नोमोडसेट काढा. त्याच्या जागी लिहा: नूव्हो.नोअ‍ॅक्सेल=१. कंट्रोल-एक्स किंवा एफ१० ने बूट करा. हा बदल त्या एका बूटपुरताच असतो. चुकलात तर मशीन रीस्टार्ट, नुकसान शून्य.

यातला फरक असा. नूव्हो हा एनव्हिडियाच्या कार्डांचा मुक्त ड्रायव्हर. जीटी २१० वर तो बहुधा अडकतो तो अ‍ॅक्सेलरेशनमध्ये, म्हणजे कार्डाच्या कमांड-रांगेला काम देताना. मोड बसवणं, मॉनिटर ओळखणं हे त्याला नीट जमतं. नोमोडसेट दोन्ही बंद करतं, नोअ‍ॅक्सेल फक्त दुखरा भाग. खिडक्या ओढण्याचं काम मग सीपीयूवर येतं, पण लुबंटूच्या ओपनबॉक्समध्ये मुळात चमकधमक नाही, कोअर टू ड्युओ ते सहज ओढतो. ४८० पीचा व्हिडिओ चालतो, १०८० पीची आशा सोडा. तरीही अडकलं तर आणखी एक उपाय करून पाहा: नूव्हो.कॉन्फिग=एनव्हीएमएसआय=०. काही कार्डांचं एमएसआय इंटरप्टशी जमत नाही, त्यांना हे चालून जातं. (‘एनव्ही’तला फक्त एन मोठ्या लिपीतला, ‘एमएसआय’ सगळं मोठ्या लिपीत.)

नोअ‍ॅक्सेल दिल्यावर वाचनालयातलं मशीन सरळ डेस्कटॉपवर आलं. रिझोल्यूशन? १०२४×७६८! इथेच माणूस हात टेकतो आणि ‘कार्ड गेलं’वाल्यांचा विजय होतो. पण आकडा तोच असला तरी कारण वेगळं होतं. आधीचे १०२४×७६८ फर्मवेअरच्या फ्रेमबफरचे होते. आताचे कर्नलचे: मॉनिटरने आपली ओळख सांगितली नाही, तर कर्नल सुरक्षित म्हणून १०२४×७६८ पर्यंतचेच मोड देतं. एक्सरँडआरमध्ये आता ‘डिफॉल्ट’ जाऊन ‘व्हीजीए-१ कनेक्टेड’ आलं होतं, गॅमाची कुरकुर गेली होती. म्हणजे ड्रायव्हर बरा झाला होता, दुसराच आजार उघडा पडला होता.

मॉनिटर स्वतःची माहिती ईडीआयडी नावाच्या १२८ बाइटच्या तुकड्यात देतो, कधी २५६. ती आली की नाही हे पाहायला ‘/सिस/क्लास/डीआरएम/’ मध्ये कार्ड शून्य किंवा एक, डॅश, व्हीजीए-१ नावाचं फोल्डर असतं (‘व्हीजीए’ इथे आणि एक्सरँडआरमध्ये मोठ्या लिपीत). त्यातल्या ‘ईडीआयडी’ फाइलवर ‘कॅट’ करून ते ‘डब्ल्यूसी -सी’ला द्या. १२८ किंवा २५६ आलं तर ठीक. इथे आलं ०.

शून्य म्हणजे दहापैकी आठ वेळा केबल. व्हीजीएच्या पंधरा पिनांपैकी १२ आणि १५ या दोन पिना ओळख सांगण्याच्या. केबलचं टोक तुमच्याकडे, रुंद बाजू वर, असं धरलं की खालच्या रांगेत डावीकडून दुसरी ती १२ आणि शेवटची ती १५. ९ नंबरची पिन गायब असली तर फारसं बिघडत नाही, या दोन मात्र हव्यातच. पिना जागेवर असूनही आत तार नसते ही खरी गंमत. स्वस्त केबलवर ‘३+२’ छापलेलं असतं: तीन तारा रंगांच्या, दोन सिंकच्या, ओळखीला तारच नाही. ‘३+४’ किंवा ‘३+६’ घ्या. मल्टिमीटर असेल तर दोन्ही टोकांच्या १२ ला १२ आणि १५ ला १५ बीप येतो का पाहा. जीटी २१० च्या बुटक्या कार्डांत व्हीजीएचं पोर्ट चपट्या रिबनने कार्डाला जोडलेलं असतं, ती अर्धी निघालेली असली तरी हेच होतं. तीही एकदा दाबून घ्या.

३+६ ची केबल लावताच लॉगिनच १६००×९०० मध्ये उघडलं. एवढ्यासाठी तिथे नवीन कार्ड घ्यायचं ठरलं होतं.

केबल मिळेपर्यंत हाताने मोड देता येतो, पण नोमोडसेट काढल्यानंतरच. ‘सीव्हीटी १६०० ९०० ६०’ ने मोडलाइन मिळते: ११८.२५, मग १६०० १६९६ १८५६ २११२, मग ९०० ९०३ ९०८ ९३४, उणे एचसिंक, अधिक व्हीसिंक. ती एक्सरँडआरच्या न्यूमोडने द्या, अ‍ॅडमोडने व्हीजीए-१ ला जोडा, मग मोड निवडा. रीस्टार्टनंतर हे जातं, म्हणून तिन्ही ओळी एका स्क्रिप्टमध्ये टाकून एलएक्सक्यूटीच्या (लुबंटूच्या डेस्कटॉपच्या) सेशन सेटिंग्जमधल्या ऑटोस्टार्टमध्ये ठेवा. १३६६×७६८ च्या मॉनिटरवाल्यांसाठी: सीव्हीटी तुम्हाला १३६८ देईल, कारण ते रुंदी ८ च्या पटीत धरतं आणि १३६६ ला आठाने भाग जात नाही. दोन पिक्सेल कडेला कापले जातील, घाबरू नका.

सगळं जमलं की ‘/ईटीसी/डिफॉल्ट/ग्रब’ मध्ये ‘ग्रब_सीएमडीलाइन_लिनक्स_डिफॉल्ट’च्या अवतरणात नोमोडसेटच्या जागी नोअ‍ॅक्सेलची ओळ लिहा आणि ‘सुडो अपडेट-ग्रब’ चालवा. हे विसरलं की पुढच्या बूटला ‘पुन्हा बिघडलं’ म्हणून फोन येतात. इन्स्टॉल करताना ‘सेफ ग्राफिक्स’ निवडलं असेल तर नोमोडसेट त्याच फाइलमध्ये आपोआप उतरलेलं असू शकतं.

आता कुणीतरी सांगेलच की एनव्हिडियाचा मूळ ड्रायव्हर टाका, सगळं सुटेल. जीटी २१० साठी ३४० मालिका लागते, तिची शेवटची आवृत्ती ३४०.१०८, डिसेंबर २०१९ ची. २४.०४ च्या भांडारात ती नाही, आणि आजच्या कर्नलवर ठिगळं लावल्याशिवाय ती बांधली जात नाही. ‘मग लुबंटू २०.०४ वर जा’ हाही सल्ला मिळतो. त्याचा आधार एप्रिल २०२३ मध्येच संपला. संकेतस्थळावरून इन्स्टॉलर उतरवून आधीच चालवून पाहिला असेल तर तो नूव्होला बंदी घालून ठेवतो. ‘/ईटीसी/मॉडप्रोब.डी’ मध्ये ‘ब्लॅकलिस्ट नूव्हो’ लिहिलेली फाइल शोधून काढा, ‘सुडो अपडेट-इनिटरॅमएफएस -यू’ चालवा. ही फाइल राहिली तर वरचं काहीही लागू पडणार नाही.

आणि माझं खरं मत विचाराल तर जीटी २१० काढूनच ठेवा. जी४१ मध्ये इंटेलचं जीएमए एक्स४५०० बसवलेलंच आहे, त्याचा आय९१५ ड्रायव्हर कर्नलमध्ये आणि थ्रीडीचा क्रोकस मेसा या ग्राफिक्सच्या संचामध्ये आयता असतो, ग्रबमध्ये काहीही लिहावं लागत नाही. नोअ‍ॅक्सेलवर लंगडणाऱ्या कार्डापेक्षा लुबंटूचा डेस्कटॉप त्यावर हलका चालतो. ‘कार्ड आहे म्हणजे ऑनबोर्डपेक्षा भारीच’ हा समज जेल रोडच्या बाजारापासून घरोघरी पक्का आहे, आणि या कार्डाच्या बाबतीत लिनक्सवर तो चुकीचा आहे. कार्ड काढायच्या आधी बायोसमध्ये ‘इनिट डिस्प्ले फर्स्ट’ ऑनबोर्डवर किंवा ऑटोवर करा. नंतर ‘जीएलएक्सइन्फो -बी’ चालवा (मेसा-युटिल्स पॅकेज, यातला ‘बी’ मोठ्या लिपीतला). रेंडररमध्ये इंटेलचं नाव दिसलं पाहिजे, ‘एलएलव्हीएमपाइप’ दिसलं तर सगळं अजून सीपीयूच करतो आहे.

काही गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. बायोसच्या स्क्रीनवरच रेघा, ठिपके किंवा चुकीचे रंग दिसत असतील तर लिनक्सचा संबंध नाही, कार्ड किंवा स्लॉट खराब आहे, दुकानदार बरोबर. दहा-पंधरा मिनिटं चालून मग रेघा येत असतील तर पंखा पाहा. मे महिन्यात खोलीच चाळिशीजवळ असते आणि या कार्डांचे छोटे पंखे धुळीने जाम होतात. कार्डाची सोनेरी दाती खोडरबराने पुसायची तर मऊ पांढऱ्या रबराने. शाईचा खरबरीत रबर मुलामा खरवडतो. काळ्या स्क्रीनवर कंट्रोल-ऑल्ट-एफ३ ने मजकुराचं लॉगिन येत असेल तर ड्रायव्हरऐवजी आधी ‘डीएफ -एच’ करा. डिस्क भरली तरी डेस्कटॉप उघडत नाही. आणि हे सगळं नूव्होचं झालं, एएमडीचं कार्ड असेल तर डीमेसगमध्ये (कर्नलच्या नोंदींत) ‘फर्मवेअर’ शोधा, तिकडचा काळा पडदा बहुतेक त्या फायली नसल्यामुळे असतो.

कार्ड काढल्यावर मॉनिटरची केबल मदरबोर्डच्या पोर्टला लावा. ते बहुधा काळ्या किंवा निळ्या प्लास्टिकच्या टोपीखाली झाकलेलं असतं.