पूर्वग्रह की पूर्वाग्रह?

प्रश्न असा आहे की 'इप मॅन ४' या कुंग फू सिनेमावर लिहिताना 'चिनी स्थलांतरितांप्रति अमेरिकनांचा पूर्वाग्रह' असं लिहिलं आणि मित्राने पूर्वाग्रह खोडून पूर्वग्रह केलं, तर बरोबर काय?

मित्राचं बरोबर आहे. पूर्वाग्रह म्हणजे पूर्व अधिक आग्रह, हिंदीत तो सर्रास चालतो आणि तिथूनच आपल्या बातम्यांमध्ये आलाय. पण मराठीत 'ग्रह' हा शब्द याच अर्थाने आधीपासून रोजच्या बोलण्यात आहे, 'उगाच ग्रह करून घेऊ नकोस', 'पहिल्या भेटीतच त्याच्याबद्दल चांगला ग्रह झाला' असं आपण घरीदारी बोलतोच ना. मूळ धातू ग्रह्, म्हणजे धरणे, मनाने जे धरून ठेवलं तो ग्रह, आणि माणूस नीट कळायच्या आधीच धरला तो पूर्वग्रह.

आग्रहसुद्धा त्याच धातूचा, पण मराठीत तो वेगळ्या कामाला लागलाय (जेवायला बसल्यावर करतात तो!). आणि हा फरक या सिनेमातच फार छान दिसतो. गोष्ट १९६४ च्या सॅन फ्रान्सिस्कोतली. मरीन्स या अमेरिकी सैन्यदलाचा तो गोरा सार्जंट, चिनी माणूस कमी प्रतीचा असं त्याने आधीच ठरवून टाकलंय, हा झाला पूर्वग्रह. आणि हाताखालचा चिनी वंशाचा सैनिक कुंग फू शिकवा म्हणून जीव तोडून सांगतोय तरी कराटेच शिकवायचं यावर हा सार्जंट अडून बसतो, हा आग्रह, खरं तर दुराग्रह. पहिल्यातून दुसरा निघतो, पण दोन्ही एक नाहीत, म्हणून मला हे दोन शब्द वेगळे ठेवायला आवडतात.

चायनाटाउनमधले, म्हणजे तिथल्या चिनी वस्तीतले कुंग फू मास्टरसुद्धा काही कमी नाहीत, ब्रूस ली चिनी नसलेल्यांना कुंग फू शिकवतो म्हणून सगळे त्याच्यावर नाराज आणि त्यापायी त्याचा गुरू इप मॅन याला मुलाच्या शाळेसाठी लागणारं शिफारसपत्र अडवून धरतात. त्याला मी पूर्वग्रह नाही म्हणणार, ब्रूस ली काय करतो ते त्यांना पक्कं माहितीये, ती मनात बसलेली अढी आहे. किती नेमका शब्द आहे हा, हल्ली लिहिताना कुणाला आठवतच नाही.

अजून एक, कायद्याला पूर्वग्रह म्हणू नका. १८८२ साली अमेरिकेने कायदा करून चिनी मजुरांना येऊच दिलं नाही, १९४३ ला तो उठवला तेव्हाही वर्षाला फक्त १०५ जणांचा कोटा ठेवला. पूर्वग्रह मनात असतो, हा तर कागदावर लिहिलेला भेदभाव होता. आणि सिनेमात चायनाटाउनमधल्या मुख्य मास्टरच्या मुलीला शाळेत घेरून छळतात, तिथे तर सरळ वर्णद्वेष लिहा, सौम्य शब्द वापरून तिच्यावर अन्याय होतो असं मला मनापासून वाटतं.

आणि 'प्रति' पण काढा, आपल्याकडे पूर्वग्रह कुणाबद्दल किंवा कुणाविषयी असतो. विशेषण हवं असेल तर पूर्वग्रहदूषित. म्हणजे तुमचं वाक्य असं होईल, 'चिनी स्थलांतरितांबद्दल अमेरिकनांच्या मनात असलेला पूर्वग्रह'.