कोळ्याच्या विषावर काम करणारा शास्त्रज्ञ कानाकडे कसा वळला?

तुमचे प्रश्न दोन आहेत. अमेरिकेतल्या एनआयएच या सरकारी आरोग्य संशोधन संस्थेतले केंटन स्वार्ट्झ कोळ्याच्या विषावर संशोधन करायचे, मग बहिरेपणाशी संबंधित प्रथिनावर त्यांचा शोधनिबंध कसा? आणि विषापासून बहिरेपणावर औषध निघेल का? दुसऱ्याचं उत्तर आधीच देऊन टाकते: या कामातून तरी तसं काही निघालेलं नाही. पहिला प्रश्न जास्त रंजक आहे, आणि मी शरीरक्रियाशास्त्र शिकवते त्यामुळे माझ्या आवडीचाही.

खरं तर विष हा त्यांचा विषय नव्हेच, ते हत्यार आहे. विषय आहे आयन चॅनल, म्हणजे पेशीच्या आवरणातली प्रथिनांची दारं. सोडियम, पोटॅशियम यांतूनच आत-बाहेर करतात आणि मज्जातंतूंचा सगळा कारभार त्यावर चालतो. सावज लुळं पाडायचं तर घाव इथेच घालायला हवा, म्हणून कितीतरी विषं नेमकी याच प्रथिनांना धरतात.

विंचवाचं कॅरिब्डोटॉक्सिन पोटॅशियम चॅनलच्या तोंडात बुचासारखं बसतं. अमेरिकी शास्त्रज्ञ रॉडरिक मॅकिनन यांनी त्याच्याच मदतीनं 1991 मध्ये दाखवून दिलं की हा चॅनल चार घटक मिळून बनतो. चॅनलची रचना डोळ्यांना दिसायला अजून सात वर्षं होती! (पुढे 2003 चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना मिळालं.) स्वार्ट्झ त्यांच्याच प्रयोगशाळेत होते. बेडकाच्या अंडपेशीत चॅनल तयार करून त्यावर चिलीतल्या टॅरंट्युला कोळ्याचं विष तपासताना त्यांना हॅनाटॉक्सिन सापडलं. जेमतेम 35 अमिनो आम्लांचं हे प्रथिन 1995 मध्ये प्रसिद्ध झालं. गंमत अशी की ते तोंडाकडे जातच नाही. विद्युतदाब ओळखणारा चॅनलचा भाग ते पकडून ठेवतं, मग दार उघडायला जास्त दाब लागतो. तो भाग कुठे आहे, याचा माग असा विषानं लावून दिला.

कानातला चॅनल मात्र वेगळ्याच जातीचा. आतल्या कानात केसपेशींवर सूक्ष्म तंतूंचे झुपके असतात. शेजारच्या दोन तंतूंना जोडणारा एक धागा असतो. आवाजानं झुपका कलला की धागा ताणला जातो, तंतूच्या टोकाचा चॅनल उघडतो आणि पोटॅशियम आत घुसतं. भारत आणि पाकिस्तानातल्या आनुवंशिक बहिरेपणा असलेल्या कुटुंबांच्या अभ्यासातून 2002 मध्ये टीएमसी1 हे जनुक समोर आलं. पण याचं प्रथिन म्हणजेच तो चॅनल, हे सिद्ध करता करता दीड दशक गेलं. एकतर तो अगदी मोजका असतो, त्यात प्रयोगशाळेतल्या पेशी तो बनवला तरी पृष्ठभागावर आणत नाहीत. अंडपेशीवर विष टाकून बघायची जुनी पद्धत इथे लागूच पडेना.

मग अँजेला बायेस्तेरोस, क्रिस्तिना फेनोयार-फेरर आणि स्वार्ट्झ यांनी 2018 मध्ये दुसरी वाट धरली. टीएमईएम16 नावाच्या नातेवाईक प्रथिनांची रचना माहीत होती, तिच्यावरून टीएमसी1 चं प्रतिरूप बांधलं. त्यात दिसलं ते असं: दोन प्रथिनं जोडीनं, प्रत्येकात आयनांसाठी वेगळा मार्ग, आणि तो चांगला रुंद. त्याच वर्षी बॉस्टनच्या गटानं एकेक अमिनो आम्ल बदलून आयनांचा मार्ग टीएमसी1 मधूनच जातो हे दाखवलं. प्रत्यक्ष रचना मिळाली 2022 मध्ये, तीही एका सूक्ष्म कृमीच्या प्रथिनाची, आणि त्यासाठी सुमारे 6 कोटी कृमी लागले.

कानात विषं निरुपयोगी ठरली असं मात्र समजू नका. मेंदू बाहेरच्या केसपेशींना आवाज कमी करायचा हुकूम देतो, तो झेलणारा चॅनल मण्यारीच्या जातीतल्या सापाचं अल्फा-बंगारोटॉक्सिन बंद पाडतं. त्यापुढचा पोटॅशियम चॅनल मधमाशीच्या विषातलं अपामिन अडवतं. ही साखळी उलगडायला दोन्ही कामी आली.

औषधाची आशा धरायचीच तर मी उलट बाजूनं धरेन. जेंटामायसिन, स्ट्रेप्टोमायसिन ही प्रतिजैविकं याच रुंद मार्गानं केसपेशीत शिरून तिला मारतात, आणि माणसात मेलेली केसपेशी पुन्हा उगवत नाही. मार्गाचा आकार कळला की प्रतिजैविकाला तिथेच अडवणारा रेणू शोधता येईल, त्यावर काम सुरू आहे. तोवर अशी इंजेक्शनं चालू असताना कानात गुंजारव सुरू झाला तर त्याच दिवशी डॉक्टरांच्या कानावर घाला.