शंका-समाधान : व्होल्ट शंभरपट कसे वाढले?

प्रश्न : २०० वेढ्यांचे कुंडल, क्षेत्रफळ ५० चौ. सेंमी, रोध १० ओहम. कुंडलाच्या प्रतलाला लंब असलेले चुंबकीय क्षेत्र ०.१ सेकंदात ०.४ टेस्लावरून शून्यावर येते. कुंडलात निर्माण होणारा (प्रवर्तित) विद्युतदाब आणि धारा किती? विद्युतदाबाचे माझे उत्तर ४०० व्होल्ट, पुस्तकात ४. सूत्र तर बरोबर आहे!

उत्तर : सूत्र (वेढे × क्षेत्रफळ × चुंबकीय क्षेत्रातला बदल ÷ वेळ) बरोबरच, घोळ एककात आहे. तुम्ही ५० ला १०० ने भागलेत. चौरस सेंमीचे चौरस मीटर करताना १०,००० ने भागायचे, म्हणजे ०.००५. आता २०० × ०.००५ × ०.४ ÷ ०.१ = ४ व्होल्ट; धारा ४ ÷ १० = ०.४ अँपिअर. लेंझच्या नियमातले (प्रवर्तित धारा तिला निर्माण करणाऱ्या बदलाला विरोध करते) ऋण चिन्ह फक्त दिशेपुरते. आकडेमोडीत ते ओढत नेऊ नका. इथे क्षेत्र घटते आहे, म्हणून प्रवर्तित धारा त्याच दिशेचे क्षेत्र निर्माण करते. ‘नेहमी उलट’ हे पाठांतर इथेच दगा देते: विरोध बदलाला असतो, क्षेत्राला नव्हे.